नखांवरचा रंग पसंत पडला नाही, तर रिमूव्हर उघडण्याआधी काय पाहावे

बाटलीत डाळिंबी दिसलेला रंग नखांवर दोन हात चढताच जवळजवळ काळा दिसू लागतो, किंवा पार्लरच्या दिव्याखाली नाजूक वाटलेली अबोली छटा घरी येऊन पाहावी तर चिकटपट्टीच्या रंगासारखी वाटते, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे पोळी लाटताना, मोबाइल धरताना, लोकलमध्ये कडी पकडताना तीच दहा नखे डोळ्यांत खुपत राहतात. माझ्या बाबतीत हे इतक्या वेळा घडले आहे की त्याला योगायोग म्हणणे मी सोडून दिले आहे. दर वेळी मी एकच चूक करत असे. रंग आवडला नाही हे लक्षात आले की हात आधी रिमूव्हरच्या बाटलीकडे जाई, आणि जेल पॉलिश, म्हणजे दिव्याखाली घट्ट केलेले पॉलिश, असेल तर टीव्हीसमोर बसून त्याची कड दुसऱ्या नखाने उचलायला मी सुरुवात करी. रंग जाई, पण त्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही जाई, आणि नावडत्या रंगाऐवजी पांढरे चट्टे पडलेली पातळ नखे कित्येक महिने सांभाळावी लागत. त्या अनुभवांतून जी पद्धत हळूहळू बसत गेली ती येथे लिहिते आहे. तिचा गाभा इतकाच आहे की आपल्याला नेमके काय खटकते आहे हे ठरवल्याशिवाय रंग काढायला घेऊ नये, कारण खटकणाऱ्या गोष्टींपैकी बऱ्याचशा रंग न काढताच दुरुस्त होतात.

नेमके काय खटकते आहे?

पार्लरमधून बाहेर पडल्यानंतरचा पहिला तास हा निर्णयासाठी सर्वांत वाईट असतो. कोमट पाण्यात बुडवलेली, घासलेली आणि नखांभोवतीची कातडी मागे ढकललेली बोटे त्या वेळी लालसर झालेली असतात, आणि लालसर कातडीशेजारी गुलाबी किंवा नारिंगी छटा आहे त्याहून वेगळीच भासते. साधे नेलपॉलिश बोटाला कोरडे लागले तरी आतून पुरते वाळायला कित्येक तास घेते आणि वाळताना ते किंचित गडद होते, त्यामुळे "ताई, सुकल्यावर रंग बदलेल" हे पार्लरमधल्या मुलीचे वाक्य अगदीच खोटे नसते. जेलच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही, कारण जेल दिव्याखाली घट्ट होते आणि दिव्यातून हात बाहेर काढल्यावर जो रंग दिसतो तोच शेवटपर्यंत राहतो. वेळ असेल तर एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे, हात समोर धरून पाहावा.

खिडकीचा आग्रह यासाठी की नावडीचे पहिले कारण पुष्कळदा रंग नसून दिवा असतो. पार्लरमध्ये सहसा पांढरेशुभ्र एलईडी दिवे लावलेले असतात आणि त्यांच्या खोक्यावर ६५०० केल्विन (प्रकाशाच्या छटेचे माप) असा आकडा छापलेला आढळतो, तर हॉटेलातले, मंगल कार्यालयातले आणि अनेक घरांच्या दिवाणखान्यातले पिवळसर दिवे २७०० ते ३००० केल्विनच्या आसपासचे असतात. पहिल्या प्रकाशात निळा अंश अधिक असतो आणि दुसऱ्यात तांबडा-पिवळा. त्यामुळे राणी रंग पार्लरमध्ये जांभळट दिसतो आणि कार्यालयात लालसर, तर राखाडीकडे झुकणारा फिकट जांभळा रंग पिवळ्या दिव्याखाली सरळ मातकट होतो. रंग खिडकीपाशी चांगला दिसत असेल आणि एकाच खोलीत वाईट, तर त्या खोलीत आपण किती वेळ असणार आहोत एवढाच प्रश्न उरतो.

दुसरे कारण थराचे आहे. बाटलीत आपण रंगाचा बोटभर जाड थर पाहत असतो, आणि नखावर त्याचा थर मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढा बसतो. फिकट आणि पारदर्शक रंग म्हणून नखावर आणखी फिका पडतो आणि त्याखालून नखाचा स्वतःचा गुलाबीपणा डोकावतो. गडद पारदर्शक रंगाचे वागणे याच्या उलट असते, कारण प्रत्येक हाताबरोबर तो काळपट होत जातो. पहिल्या हाताला डाळिंबी दिसलेला रंग दुसऱ्या हाताला आमसुली आणि तिसऱ्या हाताला काळा होतो, आणि पहिल्या हातातले पट्टे झाकण्याच्या नादात आपण हमखास तिसरा हात देतो.

तिसरे कारण वर्णाशी असलेल्या मेळाचे आहे. पांढरा मिसळून फिके केलेले रंग, म्हणजे बेबी पिंक, फिकट आकाशी, पिस्त्याचा हिरवा, हे सावळ्या किंवा गव्हाळ हातावर खडू फासल्यासारखे उठून दिसू शकतात, आणि कातडीच्या रंगाशी मिळतेजुळते म्हणून विकले जाणारे बिस्किटी रंग जेमतेम एका छटेने चुकले तरी हात आजारी दिसू लागतात. याउलट लाल रंग बहुतेकांना शोभतो, फक्त त्यातला शेंदरीकडे झुकणारा कोणता आणि किरमिजीकडे झुकणारा कोणता हे बाटल्या शेजारी-शेजारी धरल्याखेरीज कळत नाही. चौथे कारण पोताचे, म्हणजे चमक किंवा शिमर नको तिथे आल्याचे. पाचवे प्रसंगाचे आहे, रंग चांगला असतो पण वेळ चुकलेली असते, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

साधे पॉलिश की जेल?

उपाय यावर अवलंबून असल्यामुळे हे आधी नक्की करावे. पार्लरमध्ये दिव्याखाली हात ठेवला असेल तर शंका नाही, पण आता साध्या पॉलिशच्या बाटल्यांवरही 'जेल' हा शब्द छापलेला असतो आणि त्यांना दिवा लागत नाही. कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हरचे दोन थेंब घेऊन तो एका नखाच्या कोपऱ्यावर दहा सेकंद दाबून धरावा. कापसाला रंग लागला तर ते साधे पॉलिश आहे, आणि नख नुसते निस्तेज होऊन कापूस स्वच्छ राहिला तर ते दिव्याखाली घट्ट केलेले जेल आहे.

या फरकामागचे कारण समजले की पुढचा सगळा खटाटोप समजतो. साध्या पॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज, राळ आणि रंगद्रव्ये ही इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत कालवलेली असतात. द्रावक उडून गेला की रंगाचा पापुद्रा मागे राहतो आणि पुन्हा द्रावक लावला की तो पुन्हा विरघळतो. जेलमध्ये ॲक्रिलेट वर्गातले रेणू असतात आणि दिव्याच्या अतिनील किरणांनी ते एकमेकांत गुंफले जाऊन त्यांची जाळी तयार होते. ती जाळी ॲसिटोनमध्ये, म्हणजे अनेक रिमूव्हरमध्ये असणाऱ्या तीव्र द्रावकात, विरघळत नाही, फक्त फुगते आणि नखावरची पकड सोडते. म्हणून साध्या पॉलिशला जिथे एक मिनिट पुरते, तिथे जेलला पंधरा मिनिटे आणि संयम लागतो. नखांची लांबी वाढवण्यासाठी वापरतात त्या कडक जेलवर तर ॲसिटोनचाही उपयोग होत नाही आणि ते कानसूनच काढावे लागते, म्हणून ते घरी काढण्याच्या फंदात पडू नये.

रंग न काढता रंग बदलणे

या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट एकच निवडायची झाली तर मी हीच निवडेन: घट्ट झालेल्या जेलवर साधे नेलपॉलिश लावता येते, आणि ते ॲसिटोनविरहित रिमूव्हरने पुसले तर खालचे जेल जागच्या जागी राहते. बाजारात 'ॲसिटोन फ्री' असे लिहिलेले रिमूव्हर मिळतात आणि त्यांत बहुधा इथाइल ॲसिटेट असते. हलक्या हाताने आणि चटकन पुसले तर जेलची चमक थोडी कमी होते, एवढेच नुकसान संभवते. म्हणजे नावडते जेल हा एक टिकाऊ पाया समजावा आणि त्यावर हवा तो रंग चढवावा. याच्या उलटे मात्र करू नये. साध्या पॉलिशवर जेल चढवले तर खालचा थर मऊ असल्यामुळे वरचे जेल दोन दिवसांत सालपटासारखे सुटते.

पूर्ण झाकण्याऐवजी छटा बदलायची असेल तर जेली म्हणून मिळणारे पारदर्शक रंग कामाला येतात, कारण ते रंगीत काचेप्रमाणे खालच्या रंगात मिसळून दिसतात. भडक नारिंगीवर पारदर्शक गुलाबीचा एक पातळ हात दिला की तो पोवळ्याच्या रंगाकडे झुकतो. शेंदरी लाल नको असेल तर त्यावर पारदर्शक वाइन रंगाचा एक हात दिल्यावर तो डाळिंबी होतो. खडूसारख्या फिक्या गुलाबीवर पारदर्शक तपकिरी-गुलाबी हात दिला की त्यातला पांढरटपणा दबतो. हात एकच द्यावा, पाच मिनिटे थांबावे आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा, कारण इथेही तिसऱ्या हाताचा मोह आडवा येतो. एका गोष्टीला मात्र या मार्गाने उपाय नाही. गडद रंग वरून काही लावून उजळत नाही. तिथे मी नखे आखूड करते. काळपट आमसुली रंग लांब नखांवर अंगावर येतो आणि तोच आखूड, गोलसर नखांवर नेटका दिसतो. जेल असेल तर कानस लावल्यानंतर उघडी पडलेली टोके टॉप कोटने, म्हणजे सर्वांत वरच्या पारदर्शक थराने, पुन्हा बंद करावीत, नाहीतर तिथून पाणी शिरून जेल सुटू लागते.

चमक खटकत असेल तर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, टॉप कोट हा सोपा इलाज आहे, पण त्याच्या दोन खोडी माहीत असाव्यात. मॅट केल्यावर रंग थोडा राखेरी आणि फिका दिसतो, आणि खरबरीत पृष्ठभागामुळे तेल आणि हळद त्यावर अधिक बसते. शिमर खटकत असेल तर मॅटने ते लपत नाही आणि अपारदर्शक रंगाचे दोन हातच द्यावे लागतात. नखांवर चमकी टाकून चूक झाकण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. मला तो पटत नाही, कारण चमकी काढताना रिमूव्हर तिप्पट लागतो आणि नख घासले जाते ते वेगळेच.

प्रसंगाच्या चुकीचे एक उदाहरण देते, कारण ते आपल्याकडे कोणावरही येऊ शकते. माझ्या हातांवर ताजे राणी रंगाचे जेल असताना ओळखीच्या घरात निधन झाल्याचा फोन आला आणि दोन तासांत सांत्वनाला जायचे होते. त्या नखांनी त्या घरातल्या काकूंचा हात हातात घेणे मला जमले नसते. ॲसिटोन लावून दहा नखे नीट सोडवायला निदान पाऊण तास गेला असता आणि घाईत नखे सोलली गेली असती. घरात एक जाड बिस्किटी रंगाचे साधे पॉलिश होते. त्याचे दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवून, दिले आणि ब्रश नखाच्या टोकावरूनही फिरवला, कारण राणी रंग आधी तिथूनच डोकावतो. जवळून पाहणाऱ्याला ते बेतास बात वाटले असते, पण अशा ठिकाणी कोणी नखे निरखत नाही, फक्त भडकपणा डोळ्यांत भरतो. संध्याकाळी ते पुसून टाकले आणि खालचे जेल शाबूत होते.

काढायचेच ठरले तर

साधे पॉलिश काढताना बोळा नखावर दहा सेकंद दाबून ठेवून टोकाच्या दिशेने एकदाच ओढावा. मागेपुढे घासले की गडद लाल रंग नखांभोवतीच्या कातडीत शिरतो आणि बोटे रक्ताळल्यासारखी दिसतात. आधी कातडीवर खोबरेल तेलाचा हात फिरवला तर हे टळते.

जेल काढताना पहिले काम कानशीचे असते. वरचा टॉप कोट ॲसिटोनला आत शिरू देत नाही, म्हणून त्याची चमक जाईपर्यंत, पण नखापर्यंत न पोहोचता, बारीक कानस फिरवावी. बोटांना व्हॅसलीन लावावे. नखाएवढाच कापसाचा तुकडा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा आणि त्याभोवती पोळ्या गुंडाळतो ती ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट लपेटावी, म्हणजे ॲसिटोन उडून जात नाही. दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. नंतर जेल चुरगळल्यासारखे वर आलेले दिसते आणि ते लाकडी काडीने हलकेच ढकलले की निघते. जे निघत नाही ते निघायला तयार झालेले नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या बोटाला पुन्हा पाच मिनिटे गुंडाळून ठेवावे. एका पार्लरमध्ये माझी नखे लोखंडी पट्टीने खरवडून दहा मिनिटांत मोकळी करून दिली होती. त्या घाईची किंमत मी उन्हाळाभर मोजली, कारण नख म्हणजे एकमेकांवर बसलेल्या केराटिनच्या थरांची मृत रचना आहे, तिला जखम भरून काढता येत नाही. खराब झालेला भाग वाढून पुढे सरकतो आणि कापला जातो तेव्हाच ती सुटका होते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सहा महिन्यांच्या आसपास वेळ लागतो.

ॲसिटोन वापरताना स्वयंपाकघरात बसू नये. ते अत्यंत ज्वालाग्राही असते, उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. देवघरातले निरांजन, उदबत्ती आणि गॅस यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून बसावे. लवकर व्हावे म्हणून ॲसिटोनची वाटी गरम करण्याचा विचारही करू नये, उबच हवी असेल तर फॉइलवरून कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळावा. चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम, मोबाइलचे कव्हर आणि पॉलिश केलेले लाकडी टेबल यांवर ॲसिटोन सांडले तर कायमचा डाग पडतो, हे मी टेबलाच्या बाबतीत स्वानुभवाने सांगू शकते.

काढून झाल्यावर लगेच त्याच दिवशी दुसरे जेल चढवण्याचा मोह होतो. नख कोरडे पडलेले असते, त्याला तेल लावून चार दिवस तसेच राहू द्यावे आणि फारच ओकेबोके वाटले तर साधे पॉलिश लावावे. घरी जेलचा संच आणून दुरुस्ती करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की घट्ट न झालेले जेल कातडीला लागत राहिले तर ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. दातांच्या काही भरणांतही याच जातीचे पदार्थ असतात, त्यामुळे हा प्रश्न नखांपुरता उरत नाही. नखांभोवती खाज, पुरळ किंवा सोलवटल्यासारखे दिसू लागले तर रंगाचा विचार बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

रंग चांगला होता, हळदीने बिघडवला

मराठी स्वयंपाकघरात फिक्या जेलचा खरा शत्रू फोडणीचा डबा आहे. दुधाळ पांढरे किंवा फिकट गुलाबी जेल लावून घरी यावे, संध्याकाळी माशाला हळद-मीठ चोळावे किंवा बटाट्याची भाजी हाताने कुस्करावी, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा नखे कावीळ झाल्यासारखी दिसावीत, असे अनेकींचे झाले आहे. लग्नघरात तर हळदीच्या आदल्या दिवशी करवलीने फ्रेंच मॅनिक्युअर, म्हणजे फिकी नखे आणि पांढरी टोके, करून घेणे म्हणजे पैसे उटण्यात कालवणे आहे.

यातला पहिला हमखास चुकणारा भाग म्हणजे साबण. हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा पदार्थ अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीने तांबडा होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. साबणाच्या वडीने नखे खसाखसा घासली की पिवळा डाग विटकरी होतो आणि आपण आणखी घाबरतो. तो तांबडेपणा पाण्याने साबण धुऊन निघाल्यावर उतरतो, पण मूळ पिवळा राहतोच. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून आधी कापसावर खोबरेल तेल घेऊन नखे चोळावीत आणि तेल पुसून मग हात धुण्याचे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर बोळ्यावर घेऊन हलकेच फिरवावे. जो डाग टॉप कोटच्या वर बसलेला असतो तो एवढ्याने बराच जातो.

जो आत मुरला आहे त्यासाठी ऊन आहे. साडीवरचा किंवा टॉवेलवरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो हे आपल्या आज्यांना माहीत होते, आणि त्याचे कारण कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही हेच आहे. नखांनाही तोच न्याय लागतो. बागेत किंवा गच्चीवर सकाळच्या कोवळ्या उन्हात रोज थोडा वेळ गेला की तीन-चार दिवसांत पिवळेपणा उतरलेला दिसतो. हातांच्या कातडीला सनस्क्रीन लावावे. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट हे उपाय मी करून पाहिले आहेत. त्यांनी टॉप कोटची चमक जाते आणि खरबरीत झालेल्या थरात पुढची हळद जास्त जोमाने बसते. एवढे करूनही डाग राहिला तर बारीक बफरने, म्हणजे नख गुळगुळीत करायच्या मऊ कानशीने, वरचा थर किंचित घासून त्यावर नवा टॉप कोट देणे हा शेवटचा मार्ग आहे, आणि तो पार्लरमध्ये पाच मिनिटांचे काम असतो. त्यानंतर पीठ भिजवताना नाही, तरी हळद चोळताना हातमोजे घालावेत. सासूबाई हसतील तर हसू द्याव्यात.

मेंदी आणि नखांचे जमत नाही तेव्हा

मेंदीचा रंग देणारा लॉसोन हा पदार्थ केराटिनला चिकटतो आणि नख हे केराटिनचेच असल्यामुळे नखावर पडलेला मेंदीचा रंग रिमूव्हरने जात नाही. कातडीवरची मेंदी दोन आठवड्यांत उतरते, कारण कातडीचे वरचे थर झडतात. नखावरची मेंदी नख वाढेल तसतशी टोकाकडे सरकत महिनोन्‌महिने दिसत राहते. पुष्कळदा आपण रंगाला दोष देत असतो आणि खरा दोष खालच्या नारिंगी नखाचा असतो, कारण त्यावर पारदर्शक गुलाबी लावले की ते गढूळ होते. अशा नखांवर अपारदर्शक विटकरी, आमसुली किंवा तांबूस सोनेरी रंग लावावेत, ते नारिंगीला सामावून घेतात. थंड छटेचा गुलाबी आणि चंदेरी यांचे मेंदीच्या हाताशी जमत नाही. पुढच्या वेळी मेंदी काढायला बसण्याआधी नखांवर पारदर्शक पॉलिशचा एक हात द्यावा आणि मेंदी खरवडून झाल्यावर तो पुसावा, म्हणजे नखे कोरी राहतात.

गडद लाल आणि निळ्या पॉलिशनेही बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, नसताना नखे पिवळट पडतात. तो डाग वाढूनच जातो आणि तो घासून काढण्यात नख पातळ करण्यापलीकडे काही साधत नाही. पॉलिश बंद करून कित्येक महिने झाले तरी नखे पिवळी, जाड किंवा नुसती न वाढणारी दिसत असतील, किंवा एखाद्याच नखावर काळी उभी रेघ आली असेल, तर ते रंगाचे प्रकरण नव्हे आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे.

पुन्हा पुन्हा का होते?

माझ्यापुरते उत्तर हे की मी रंग बाटलीवरून आणि नमुन्याच्या प्लास्टिक काडीवरून निवडत होते. ती काडी पांढरी किंवा काचेसारखी असते, नखाखालचा गुलाबीपणा तिला नसतो, आणि ती हातात धरून आपण पाहतो तेव्हा शेजारी कातडी असतेच असे नाही. आता साध्या पॉलिशसाठी मी पारदर्शक सेलोटेपच्या तुकड्यावर दोन हात लावून वाळू देते, तो नखाच्या आकारात कापून नखावर चिकटवते आणि खिडकी, जिना व स्वयंपाकघर अशा तिन्ही ठिकाणी पाहते. खालून नख दिसत असल्यामुळे पारदर्शक रंगाचाही अंदाज बरोबर येतो, आणि नाही आवडला तर तुकडा उपटून टाकायचा असतो, रिमूव्हरचा प्रश्नच येत नाही. ज्या साडीसाठी रंग घ्यायचा तिचा पदर त्याच वेळी हातावर टाकावा. हिरव्यागार पैठणीच्या पदराशेजारी माझा एक फिकट गुलाबी रंग चक्क राखाडी दिसला होता, आणि तो दोष ना पैठणीचा होता ना पॉलिशचा.

पार्लरमध्ये जेल लावून घेताना पहिल्याच नखाला रंग लागला की "जरा थांब गं, दिव्यात घालू नकोस" असे मी आता संकोच न करता म्हणते. दिव्याखाली जाईपर्यंत जेल ओलेच असते आणि अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून निघते, पण दिव्यातून बाहेर आल्यावर त्याच नखासाठी पंधरा मिनिटांची फॉइल लागते. बोट हलवू नये, ओले जेल कातडीला लागू देऊ नये आणि दाराशी जाऊन उजेडात पाहून यावे. मुलीला थोडे विचित्र वाटते. दुसऱ्या खेपेपासून ती स्वतःच विचारू लागते.

घरात साठलेल्या फसलेल्या बाटल्यांचे काय, तर त्या पायांच्या नखांसाठी ठेवाव्यात. पायाची नखे पाच फुटांवरून दिसतात, त्यामुळे हातावर काळपट वाटलेला आमसुली रंग तिथे भारदस्त दिसतो, आणि ती नखे हाताच्या निम्म्या वेगाने वाढत असल्यामुळे मुळाशी कोरी पट्टीही लवकर पडत नाही. जुने पॉलिश घट्ट झाले असेल तर त्यात ॲसिटोन ओतू नये, त्याने रंग दाणेदार होतो. पॉलिशसाठी वेगळा थिनर मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब टाकून बाटली तळहातांत धरून लाटण्यासारखी फिरवावी. जोरात हलवली तर बुडबुडे धरतात आणि ते पंख्याखाली वाळताना नखावर जसेच्या तसे राहतात.